मंडळाच्या संगणकात मेमरी घातली, त्याची कथा

या, जरा जवळ सरका. तिकडे पंख्याखाली बसलात तर अर्धी कथा पंखाच ऐकेल. हार नको, नारळ नको. मोबाइल तेवढा पालथा ठेवा आणि मान मोकळी सोडा, म्हणजे पटेल तिथे डोलवता येईल. आज आख्यान लावलंय ते ना ध्रुवाचं, ना प्रल्हादाचं. हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या आमच्या हरिकथा श्रवण मंडळाच्या संगणकात मेमरी वाढवावी की वाढवू नये, याचं हे आख्यान. ऐकून पुण्य किती लागेल ते सांगत नाही, पण कथा खरी सांगतो.

हा संगणक मंडळाला एका भाविकाने दान दिला, तेव्हा भाविकाच्या घरी तो चालेनासा झाला होता. धर्माची गाय, तिचे दात कशाला मोजा, म्हणून मंडळाने तो स्वीकारला. पूर्वी जिथे चपला ठेवत त्या खोलीवर ‘संगणक कक्ष’ अशी पाटी लागली आणि चपला जिन्यावर गेल्या. महिला विभागाने त्याला कशिद्याचं झाकण शिवलं. दर दसऱ्याला शस्त्रपूजेत त्याची पूजा होऊ लागली, तीही आपली नेहमीची, हात न आखडता. आणि त्या संगणकात आमच्या कीर्तन सप्ताहांची ध्वनिमुद्रणं होती. त्यात बुवांच्या मागे भामाबाईंचा आवाज होता.

भामाबाई म्हणजे हिम्मतरावांच्या पत्नी. बुवा पद म्हणतात आणि मागे उभे असलेले तीच ओळ उचलून धरतात, त्याला झील म्हणतात. भामाबाई झील धरायच्या. बुवांचं चरण संपलं की त्या लगेच उचलत नसत. एक श्वास थांबत. नव्या माणसाला वाटे, बाई चुकल्या. आणि मग समईची वात पुढे सारल्यावर गाभारा उजळावा तसा तो आवाज येई. हिम्मतराव बाजूला झांज वाजवत. अफझलगंजात त्यांचं गोणपाटाचं दुकान होतं. समोर कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी त्यांचा हात कामावरून हटत नसे. पण भामाबाईंची झील आली की झांजेचा हात आपोआप वर जाई आणि तिथेच राही. बाकीच्यांनी थांबावं, ही एकटी ऐकू यावी, म्हणून.

भामाबाई गेल्या. घरात त्यांचा आवाज उरला तो फोनमधल्या एका चित्रफितीत, आणि त्यात त्या एवढंच म्हणतात, “बंद कर गं ते, केस तरी विंचरू दे मला.” झील होती ती मंडळाच्या संगणकात. हिम्मतराव दर एकादशीला संध्याकाळी येत, हेडफोन लावून बसत. संगणक जागा होईपर्यंत आरती, मंत्रपुष्प, प्रसाद असं सगळं आटपून जाई. मग एकदाचे बुवा गाऊ लागत. चरण संपे, भामाबाईंचा तो श्वासभराचा थांबा येई, हिम्मतरावांचा हात वर जाई आणि नेमका तिथेच संगणक अडके. पडद्यावर चक्र फिरत राही. हात वर तसाच. चक्र थांबत नसे. हात शेवटी दुखून खाली येई.

पाडव्याच्या सुमारास बरकतपुऱ्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी हिम्मतरावांना तपासलं आणि त्यांच्या सुनेला, त्रिवेणीला, बाजूला घेऊन सांगितलं, “जे ऐकायचंय ते आता ऐकवून घ्या. दसऱ्यापर्यंत टिकलं तर नशीब समजा. मग यंत्र लावूनही उपयोग व्हायचा नाही.”

त्रिवेणी बँकेत नोकरीला. ती मंडळाच्या बैठकीला आली आणि उभ्या उभ्याच बोलली. “काका, मामंजींचे कान चाललेत. त्या कॉम्प्युटरचं काहीतरी करा.”

काका म्हणजे आमचे अध्यक्ष मुकुंदराव. एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांच्या टेबलावरून एकही फाइल चुकीच्या दिशेला गेली नाही, कारण एकही फाइल गेलीच नाही. ते म्हणाले, “त्रिवेणीबाई, तुमच्या भावनांची मंडळ नोंद घेत आहे.”

“नोंद नक्को काका. पेनड्राइव्हमध्ये घालून द्या, मी घरी ऐकवते.”

चिटणीस उमाजींनी ठरावांची फाइल काढली. फार पूर्वी मंडळाचा मृदंग एका लग्नाला नेला होता आणि तो फाटून परत आला, तेव्हाचा ठराव त्यांनी वाचला: मंडळाची कोणतीही वस्तू, अंशतः वा पूर्णतः, मूळ स्वरूपात वा नकलेच्या स्वरूपात, हलवता येणार नाही.

“मृदंगाची नक्कल कोण काढणार होतं?” त्रिवेणीने विचारलं.

“ठरावाला दूरदृष्टी असावी लागते,” मुकुंदराव म्हणाले.

मग उमाजींनी जामबागेतल्या मोईनभाईंना फोन लावला. मंडळाचा स्पीकर बिघडला की तेच बघतात. मोईनभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मेमरी कम है साब. आवाजां सब अलमारी में पड़े सो है. मेमरी बोले तो ओटा. ओटा छोटा रहा तो अलमारी से निकाला सो बर्तन रखने कूच जगा नै. फिर पकवान कैसा होता? एक पट्टी डाल देतौं, ओटा बडा हो जाता.”

“कधी होईल?”

“परसों.”

हैदराबादेत परसों हा काळ नाही, तो एक आशीर्वाद आहे. तरीही गोष्ट इतकी सोपी होती की बैठकीतल्या प्रत्येकाला कळली. ओटा लहान आहे, मोठा करा. मुकुंदरावांना हेच खटकलं. सगळ्यांना कळलेला प्रश्न धोरणात्मक कसा असेल?

“पट्टीचं काही नाही,” ते म्हणाले. “पण तत्त्व काय? जुन्या संगणकात नवी मेमरी घालणं लाभदायक असतं काय? आज याला घातली तर उद्या पेटीवाले नवा भाता मागतील. अभ्यास झाला पाहिजे.”

अशा रीतीने ‘संगणक स्मृतिवर्धन व्यवहार्यता उपसमिती’ जन्माला आली. त्रिवेणी दारात चपला शोधत म्हणाली, “हौ, करा अभ्यास. कानांना सांगते थांबायला.”

उपसमितीने पहिला प्रश्न विचारला तो बिनतोड होता. संगणक संथ आहे, याला पुरावा काय? एका वृद्ध गृहस्थाचा हात दुखतो, हा वैद्यकीय मुद्दा झाला. म्हणून संगणक किती संथ आहे हे मोजणारी एक प्रणाली त्याच संगणकात बसवण्यात आली. ती संगणकाच्या आधी जागी होई आणि संगणक कधी जागा होतो हे बघत बसे. त्यामुळे तो आणखी संथ झाला. उपसमितीला समाधान वाटलं. पुरावा भक्कम होत चालला होता. अभ्यासाच्या काळात यंत्राला बाधा होऊ नये म्हणून दुसरी एक रक्षक प्रणाली आली. वाट पाहणाऱ्याचा वेळ सत्कारणी लागावा म्हणून पडद्यावर नामाचा गजर करत हलणारी बालाजीची प्रतिमा आली. आणि संगणक कोण कोण वापरतं याची नोंद ठेवणं भाग होतं, ती नोंद संगणकातच करायचं ठरलं. म्हणजे संगणक वापरण्याआधी संगणक वापरावा लागू लागला.

आता हिम्मतरावांना बुवाही ऐकू येईनात. ते बालाजीचं दर्शन घेत आणि घरी जात. एकदा जाताना जिन्यावर मला म्हणाले, जरा मोठ्यानेच, कारण आता ते मोठ्यानेच बोलू लागले होते, “देव चांगला हलतो हो. पण आमची मंडळी बोलत नाहीत.”

श्रावणात तज्ज्ञांना पाचारण झालं. तज्ज्ञ म्हणजे मुकुंदरावांचे जावई शिवराज, हायटेक सिटीतल्या मोठ्या कंपनीत. त्यांनी आल्याबरोबर लॅपटॉप उघडला, मंडळाच्या संगणकाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “मामा, हे चालू आहे?”

“चालू आहे, पण संथ आहे. मेमरी वाढवावी का, एवढं सांगा जावईबापू.”

“बेसिकली डिपेंड करतं, मामा. यूजची केस काय आहे?”

“एक म्हातारे गृहस्थ गेलेल्या बायकोचा आवाज ऐकतात.”

शिवराजांनी लॅपटॉप हळूच मिटला. तशी केस त्यांच्याकडे आली नव्हती. “तुमच्या कचेरीत संगणक संथ झाला की काय करता?” उमाजींनी सोपं करून विचारलं.

“दुसरा देतात.”

“आणि पहिल्यात मेमरी कशी घालतात?”

“ते मी नाही पाहिलं कधी. आत काय असतं, उघडून पाहिलंच नाही.” मग सासऱ्यांचा चेहरा पाहून ते म्हणाले, “लाइट घ्या मामा, एवढं मनावर नका घेऊ. घालून बघा. मेमरी जास्त असलेली कधीही बरी.”

हा तज्ज्ञांचा अभिप्राय म्हणून नोंदला गेला आणि मेमरीला मंजुरी मिळाली. त्रिवेणीने त्या दिवशी पेढे आणले होते. बिचारीला आमची पद्धत अजून पुरती माहीत नव्हती.

कारण मोईनभाईंनी सांगितलं, इतक्या जुन्या संगणकाची पट्टी नवी मिळत नाही. त्यांच्या खणात एक वापरलेली आहे, ती ते तशीच देतील. वापरलेली? मुकुंदरावांनी पंच्याने कपाळ पुसलं. “कुणाच्या घरातून निघालेली, काय काय ऐकलेली, काय पाहिलेली मेमरी ती! तिच्यावर हरिकथा वाजवायची?” आमच्यात सगळे सुधारलेले आहेत हो. कुणी कुणाची जात विचारत नाही. पण मेमरीची विचारायला काय हरकत आहे, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. कोरी, वेष्टनातली, कुणाच्याही हाताला न लागलेली मेमरी मागवण्यात आली. जुन्या पट्टीच्या चौपट. शिवराजांचा शब्द होता ना, जास्त असलेली बरी.

ती आली तेव्हा दारात गणपती बसले होते. कामाच्या दिवशी, दुपारी, त्रिवेणी बँकेत असताना, मोईनभाईंनी कशिद्याचं झाकण काढून संगणक उघडला. आम्ही सगळे भोवती होतो. ते आत बघतच राहिले.

“अल्ला! ये क्या पकारे साब?”

आत आमची सगळ्या दसऱ्यांची भक्ती बसली होती. हळद, कुंकू, अक्षता, वाळलेली आपट्याची पानं, नारळाच्या पाण्याचे डाग आणि अष्टगंधाचा एक थर. मेमरी जिथे बसते त्या खाचेत तांदूळ ओळीने बसले होते, आसनं मांडल्यासारखे. त्यातच एक पाल समाधिस्थ झाली होती. मोईनभाईंनी नवी पट्टी लावून पाहिली. ती बसेना; तिचा घाटच वेगळा.

“सुनो,” मोईनभाई म्हणाले. “ब्रश मारतौं, साफ करतौं, मेरी पुरानी पट्टी बिठातौं. परसों नै, अब्बीच. चाय आने तक चलती.”

तेव्हा उमाजींनी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं. “साफ करून काढलेलं टाकणार कुठे?”

“कचरे में, और कहां?”

“मोईनभाई, हे निर्माल्य आहे.”

आता तुम्हीच सांगा. देवाधर्माचं हळद-कुंकू, पूजेच्या अक्षता, त्या काय केराच्या टोपलीत जायच्या? नाही ना? तेच म्हणतो मी. निर्माल्याचं विसर्जनच झालं पाहिजे, वाहत्या पाण्यात. निदान साठलेल्या तरी. बैठक जागच्या जागी भरली. कुंकू संगणकाच्या कुठल्या भागाला लागलंय आणि कुठल्या नाही, हे ठरवणं मानवी शक्तीबाहेरचं होतं. तेव्हा आतलं सगळंच निर्माल्य, असं एकमताने ठरलं. नवी मेमरी वाया जाऊ नये म्हणून तिला बसेल असा नवा पाट, म्हणजे तो मदरबोर्ड, त्या पाटाला चालेल असा नवा वीजपेटारा आणि ते सगळं मावेल असा नवा डबा घ्यायचं ठरलं. जुन्या संगणकाचं काय राहिलं? कशिद्याचं झाकण. “म्हणजे संगणक जुनाच,” मुकुंदराव म्हणाले, “आपण फक्त मेमरी वाढवली.”

मोईनभाईंच्या हातात तळहाताएवढी एक लोखंडी डबी होती. “साब, ये अलमारी है. अम्मा की आवाज इसमें है. इसको कैकू डुबाते? कम से कम कापी तो कर लेने दो.”

“कापी म्हणजे नक्कल?” उमाजींनी विचारलं, आणि फाइल उघडली. अंशतः वा पूर्णतः. मूळ स्वरूपात वा नकलेच्या स्वरूपात. हलवता येणार नाही.

“और डुबाने कू हलाते सो?”

“ते विसर्जन आहे. ते हलवण्यात येत नाही.”

मोईनभाईंनी डबी खाली ठेवली. चहा आला होता, तो त्यांनी घेतला नाही.

अनंत चतुर्दशीला गणपतीच्या गाडीत, बाप्पांच्या उजव्या हाताला, मंडळाच्या संगणकाचं अंतरंग एका परातीत निघालं. हुसेनसागरच्या काठावर त्याची आरती झाली. उमाजींनी ‘पुनरागमनाय च’ म्हणून अक्षता टाकल्या आणि सगळं पाण्यात सोडलं. गर्दीत टाळ्या वाजल्या. शेजारच्या मंडळाने विचारलंसुद्धा, हे कुठलं दैवत?

दसऱ्याला नव्या मेमरीचं उद्घाटन झालं. संगणकाला तोरण, वर तेच कशिद्याचं झाकण. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता जरा जास्तच, कारण डबा नवा होता. मुकुंदरावांनी बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत पडदा उजळला. सभागृह थक्क झालं. अभ्यास, चिकाटी आणि पारदर्शक कारभार यांमुळे जुना संगणकही कसा तरुण होतो, यावर मुकुंदराव बोलले. मग हिम्मतरावांना पुढे बसवलं. धोतर स्वच्छ, मांडीवर झांज. त्रिवेणी त्यांच्या शेजारी. कान पितृपंधरवड्यातच गेले होते. आता काही ऐकू यायचं नाही, हे तिने हातवारे करून त्यांना सांगितलं होतं, आणि तरी ते आले होते. हेडफोन जोराने दाबून धरला तर हाडातून थोडं येतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

उमाजी कप्पे उघडू लागले. हा रिकामा. तोही रिकामा. त्यांनी मोईनभाईंकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “मेमरी चौपट आहे ना?”

“हौ.”

“मग त्यात असायला हवं सगळं.”

“ओटा भोत बडा है साब,” मोईनभाई म्हणाले. “वो अलमारीच नै.”

त्रिवेणीने पडद्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे, एकेकाकडे. कुणी तोरण सारखं केलं, कुणाला खोकला आला. मुकुंदराव हळूच म्हणाले, “त्यांना कळवण्याची घाई नको. कार्यक्रम होऊ दे.” आणि त्यांनी एक बटण दाबलं. कुठलं, ते त्यांनाच ठाऊक. कशाचंच नव्हतं ते.

हिम्मतरावांनी डोळे मिटले. दोन्ही तळहातांनी हेडफोन कानांवर दाबला, जरा वेळ तसेच बसले. मग एक हात खाली आला आणि झांज वाजू लागली, हलकी, बुवांच्या चालीची. आम्ही सगळे ती चाल ओळखत होतो. चरण संपलं. एक श्वास गेला. आणि त्यांचा हात वर गेला, सगळ्यांनी थांबावं म्हणून. आम्ही थांबलो. हात वर राहिला, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते.

मग हात आपला आपण खाली आला. डोळे उघडून ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “मुकुंदराव! आता कुठे अडकत नाही हो! मेमरी घातलीत, फार बरं केलंत!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्रिवेणीने हेडफोन काढून घेतला. “पुढच्या एकादशीला आणशील ना गं?” त्यांनी विचारलं. तिने मान हलवली, हो अशी. दुसरं काय हलवणार? ते अजून येतात. संगणक पापणी लवायच्या आत उघडतो.

उपसमितीचा अहवाल छापून झालाय. ‘जुन्या संगणकात मेमरी वाढवणे लाभदायक असते काय? होय. लाभार्थ्याने स्वमुखे समाधान व्यक्त केले आहे.’ दोन मंडळांनी आमची पद्धत पाहायला माणसं पाठवली, आणि नव्या डब्यात आतापर्यंत कुंकू किती गेलं असेल ते देव जाणे.

हसताय? हसा. मंडळ असतंच हसायला. पण मघाशी मी विचारलं, अक्षता केरात जायच्या का, तेव्हा मान कुणी डोलवली हो? मी इथून बघत होतो. निर्माल्याचा ठराव एकमताने झाला असं मी म्हणालो, ते संगणक कक्षातल्या माणसांपुरतं म्हणालो नव्हतो.

असो. कथा संपली, आता मोबाइल उचला. जाताना एवढंच मागणं. भामाबाई म्हणून एक बाई होत्या. बुवांचं चरण संपलं की त्या लगेच उचलत नसत, एक श्वास थांबत. आवाज कसा होता ते मी कितीही सांगितलं तरी तुम्हाला कळायचं नाही. तो थांबा तेवढा लक्षात ठेवा.